आदरार्थी बहुवचन

उपसंपादक म्हणून रुजू झालो त्या पहिल्याच आठवड्यात चीफ सबनी, म्हणजे मुख्य उपसंपादकांनी, मला शिकवलं ते हे, की कोणी कसं मरायचं.

१९९४ सालचा उन्हाळा. नागपुरातलं एक मराठी दैनिक, भिंतीला कुलर, टेबलावर पीटीआयच्या तारांची भेंडोळी, आणि चीफ सबच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. खर्रा सांभाळत त्यांनी मला एक यादी सांगितली. पुढारी, कलावंत, साहित्यिक गेला की 'यांचे निधन'. बुवा-महाराज गेले की 'महानिर्वाण', जरा लहान महाराज असले तर 'देहावसान'. मालकाच्या नात्यातलं कोणी गेलं तर 'दुःखद निधन'. ट्रकखाली आला तो 'ठार'. पुरात गेले ते 'वाहून गेले'. हगवणीनं, तापानं पोरं गेली तर ती 'दगावली'.

"आणि तारेला चिकटून म्हैस मेली तर?"

"ठार."

"म्हैस अन् माणूस एकच?"

"सिंगल कॉलमात जागा किती असते, मोजून पाह्य," ते म्हणाले. "मृत्युमुखी पडले लिहिशील तर हेडिंग दुसऱ्या पानावर जाईन."

मोजून पाहिलं. 'ठार' दोन अक्षरांत बसतं. पुढची पंचवीस-तीस वर्षं मी हा शब्द किती वेळा लिहिला याचा हिशेब नाही. आता डेस्क सुटलं आहे, सकाळी फुटाळ्यापर्यंत फिरायला जातो, आणि रिकाम्या डोक्यात जुनी हेडिंगं येत राहतात. त्यांच्याकडे पाहताना एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. शाळेत मराठीच्या मास्तरांनी शिकवलेलीच, पण कधी तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. एक मोठा माणूस गेला की आपण लिहितो 'त्यांचे निधन झाले, ते ७८ वर्षांचे होते.' त्यांचे. ते. होते. एकटा माणूस, पण अनेकवचनी. आणि खरोखरच अनेक माणसं गेली, की त्यांना ना 'ते' मिळतं ना 'त्यांचे'. त्यांना आकडा मिळतो आणि पुढे दोन अक्षरं.

२३ नोव्हेंबर १९९४ ला मी संध्याकाळच्या पाळीला होतो. हिवाळी अधिवेशन सुरू होतं. बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, पण नागपुरात अधिवेशनातला मोर्चा ही बातमी नसते, तो ऋतू असतो. यशवंत स्टेडियम, बर्डी, मॉरिस कॉलेजचा टी-पॉइंट, पोलिसांचे कठडे, निवेदन, चहा, परत. त्या दिवशी गोवारींचा मोर्चा होता. गोवारी म्हणजे गावची गुरं राखणारा समाज. दिवाळीनंतर गायगोधनाला ढाल घेऊन नाचतात ते. अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' असं लिहिलं आहे आणि ते आम्हीच, एवढं त्यांना सरकारकडून मान्य करून हवं होतं. म्हणजे भांडण तसं शब्दाचंच. बायाबापड्या, लेकरं कडेवर घेऊन हजारोंनी आल्या होत्या. मोर्चा अडवला गेला, सरकारकडून कोणी भेटायला येईल म्हणून लोक दिवसभर बसून राहिले. संध्याकाळी गर्दी हलली, लाठीमार झाला, आणि एका बाजूला कठडे, दुसऱ्या बाजूला लाठ्या अशा जागी माणसं माणसांवर पडली.

आमचा फोटोग्राफर आला तो न बोलता डार्करूममध्ये गेला. पहिला आकडा फोनवर आला तेव्हा चीफ सबनी रिपोर्टरला दोनदा विचारलं, "जखमी ना?"

तेव्हा मजकूर संगणकावर टाइप होऊन प्रिंट यायचा आणि तो कापून पानावर चिकटवायचा. बॅनर तयार होता, 'चेंगराचेंगरीत', मग मोकळी जागा, मग 'ठार'. मोकळ्या जागेसाठी आकड्याची पट्टी वेगळी. मेयो दवाखान्यातून फोन, मेडिकलच्या दवाखान्यातून फोन. पेस्टर कटरच्या टोकानं जुना आकडा उचलायचा, नवा ठेवायचा, तळहातानं दाबायचा. असं त्या रात्री पाच-सहा वेळा झालं. शंभराच्या वर गेलं तेव्हा तीन अंक त्या जागेत मावेनात. मग त्यानं 'ठार' थोडं उजवीकडे सरकवलं. मी शेजारी उभा होतो. चोवीस वर्षांचा होतो, आणि मला खरं सांगायचं तर त्या क्षणी काळजी ही वाटली, की ओळ वाकडी दिसते आहे.

शेवटचा आकडा ११४. त्यात बायका आणि मुलं जास्त.

दोन दिवसांनी रिपोर्टरनं नावांची यादी आणली. दवाखान्याच्या रजिस्टरवरून हातानं उतरवलेली. काही नावं अर्धी, काहींच्या पुढे गाव नाही, काही ठिकाणी नुसतं 'अनोळखी स्त्री, वय अंदाजे ३५'. ती यादी लावायचं काम माझ्याकडे होतं. अर्धी लागली. खाली कंसात टाकलं, 'उर्वरित नावे उद्याच्या अंकात'. उद्याच्या अंकात त्या जागी जाहिरात आली, परवा अधिवेशनातला गदारोळ, आणि तेरवाच्या अंकापर्यंत यादी माझ्या टेबलावर चहाच्या कपाखाली होती. कोणी मुद्दाम रोखली नाही. मीही कोणाशी भांडलो नाही. पुढे आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला, न्यायमूर्ती दाणींचा आयोग बसला, त्यानं कोणाला दोषी धरलं नाही. १९९५ मध्ये समाजाला विशेष मागास प्रवर्गात घातलं. २०१८ मध्ये नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. या सगळ्याच्या बातम्या मी व्यवस्थित लावल्या. 'उर्वरित नावे' मात्र अजून उर्वरितच आहेत.

मोर्च्याच्या चारच दिवस आधी, १९ नोव्हेंबरला, ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली होती. तिची शाळा, तिची आवडनिवड, आईवडील काय म्हणाले, सगळं आमच्याकडे छापून झालं होतं. एकही गोष्ट उर्वरित नव्हती.

चीफ सबचं एक कोष्टक होतं. "बर्डीवर एक, दिल्लीत दहा, बिहारात पन्नास, आफ्रिकेत पाचशे." म्हणजे इतके मेले की पहिल्या पानावर. हे त्यांनी काही शोधलेलं नव्हतं, जगातल्या प्रत्येक डेस्कवर असं काहीतरी म्हटलं जातं. पण त्यात तळटीप होती: "नट असला तर कुठंही एक." १९९७ च्या ऑगस्टअखेर अल्जीरियात राईस नावाच्या गावात एका रात्रीत माणसं कापली गेली, सरकारनं सांगितलेला आकडा ९८, बाकीचे सांगत होते त्याहून बराच मोठा. आम्ही ती बातमी विदेशाच्या पानावर सिंगल कॉलम घेतली. दोन दिवसांनी पॅरिसच्या बोगद्यात डायना गेली आणि आठवडाभर पहिलं पान तिचं झालं. ५ सप्टेंबरच्या रात्री साडेनऊला कोलकात्यात मदर तेरेसा गेल्या, तेव्हा डाक आवृत्तीचं पान डायनाच्या दुसऱ्या दिवशीच्या अंत्ययात्रेनं भरलं होतं. रातोरात पान फोडलं. दोघींना निम्मं निम्मं करताना राजकन्येला किती आणि संताला किती यावर खूप वाद झाला. राईसबद्दल वाद झाला नाही.

इथं कोणाला वाटेल, हा माणूस आता नट-नट्यांसाठी रडणाऱ्यांना बोल लावणार. नाही हो. ६ फेब्रुवारी २०२२ ला मी घरी होतो. टीव्हीवर बातमी आली, आणि माझी आई, नव्वदीची, हातातली लसणाची पाकळी तशीच धरून म्हणाली, "लता गेली." लताबाई नाही, लताजी तर मुळीच नाही. जशी माझी मावशी वारली तेव्हा म्हणाली होती, "आक्का गेली." तसंच. सत्तर वर्षं जो आवाज तिच्या स्वैपाकघरात राहिला, त्याला ती अहो-जाहो का करेल? तिनं त्या दिवशी रात्रीचं जेवण केलं नाही. तिला मी काय सांगू, की आई, या आठवड्यात आणखी किती माणसं कुठं कुठं गेली?

तर माणूस रडतो तो एकेरीत. ज्याला अरे-तुरे करता येतं त्याच्यासाठी रडतो. वर्तमानपत्र अनेकवचनात छापतं, वाचणारा ते घरी नेऊन एकेरी करून घेतो. लता गेली. श्रीदेवी गेली. आणि ज्या माणसाची आपली ओळखच कोणी करून दिली नाही, त्याला अरे-तुरे करणार कसं? माझी तक्रार आहे ती या ओळख करून देण्याच्या धंद्याबद्दल. तो मी केला आहे, म्हणून तक्रारीत मीही आहे.

श्रीदेवीचंच बघा. २४ फेब्रुवारी २०१८, दुबई. त्याच दिवशी बिहारात मुजफ्फरपूरजवळ शाळेतून घरी निघालेल्या मुलांच्या अंगावर भरधाव गाडी गेली, नऊ मुलं गेली. चीफ सबच्या कोष्टकात ती पन्नासाला कमी पडली. तिकडे वाहिन्यांनी बाथटब दाखवायला सुरुवात केली. कोणी स्टुडिओत टब काढला, त्यात पाणी भरलं. एक वार्ताहर तर स्वतः टबात आडवा झाला. माझी बायको श्रीदेवीची पक्की चाहती, पण तिसऱ्या दिवशी तिनं टीव्ही बंद केला. म्हणाली, "बाईला मरू तरी द्या नीट." म्हणजे नटीला तरी या सगळ्यातून मान मिळतो म्हणावं, तर तसंही नाही. ओळखीचा माणूस मेला की त्याचा पंचनामा होतो आणि अनोळखी मेले की बेरीज.

आपल्याकडे एक म्हण आहे, आमच्या मराठीच्या मास्तरांची फार लाडकी: लाख मेले तरी चालतील, पण लाखांचा पोशिंदा जगला पाहिजे. घोडखिंडीत बाजीप्रभूंच्या तोंडी ती घालतात. तिथं ती शोभते, कारण म्हणणारा स्वतः त्या लाखांतला आहे आणि खिंडीत उभा राहणार आहे. ती म्हण एसीत बसून पान लावणाऱ्यानं वापरली की काय होतं, हे मी रोज पाहत होतो. शिवाय पोशिंदा कोण, हेही तपासायला हवं. आमच्या भागात कापूस पिकवणारे फवारणीचंच औषध पिऊन मरत होते त्या काळात, २००६ मध्ये, मुंबईच्या एका फॅशन वीकला ५१२ पत्रकारांची नोंद होती आणि विदर्भातल्या आत्महत्यांवर बाहेरून येऊन लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच होते, हे पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं. मंचावर त्या वेळी सुती कपड्यांचं प्रदर्शन होतं. लाखांचा पोशिंदा यातला कुठला?

२०२० बद्दल लिहायला हात धजत नाही, पण टाळूनही चालायचं नाही. त्या मेमध्ये अख्खा देश नागपुरावरून चालत गेला. हैदराबादेकडून येणारे, मध्य प्रदेशाकडे, उत्तर प्रदेशाकडे जाणारे. वर्धा रोडवर पांजरीच्या टोलनाक्यावर गावातली मंडळी जेवण, पाणी, चपला घेऊन बसली होती. मी दोनदा गेलो. मला तिथला चपलांचा ढीग आठवतो. नव्यांचा नाही, जुन्यांचा. लोक नवीन चप्पल घालायचे आणि जुनी सोडून जायचे. अंगठ्याच्या जागी आरपार भोक पडलेली निळी स्लीपर, सुतळीनं बांधलेला पट्टा, एका पायात बाईची तर एका पायात पुरुषाची अशी जोडी.

८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. शहडोल, उमरियाकडचे होते, जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला. पहिलं पान मिळालं, आणि ते कशानं मिळालं हे तुम्हालाही आठवत असेल: रुळांवर पसरलेल्या चपात्यांनी. त्या सोळांपैकी एकाचंही नाव मला सांगता येत नाही. मी डेस्कवर होतो, नावं माझ्या हाताखालून गेली आहेत, तरी येत नाही. चपात्या मात्र डोळ्यांसमोर आहेत. चेहरा नसला की भाकरीला चेहरा व्हावं लागतं.

महिन्याभरानं, १४ जूनला, सुशांतसिंह राजपूत गेला. दुसऱ्याच रात्री गलवानमध्ये २० जवान गेले. आधी वाटलं आता पान बदलेल. बदललं, चार-पाच दिवस. मग पुन्हा सुशांत, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. ८ सप्टेंबरला त्याच्या मैत्रिणीला अटक झाली तेव्हा नागपुरात खाटा मिळत नव्हत्या. माझे सासरे एका खासगी दवाखान्याच्या पायऱ्यांवर, ऑक्सिजनच्या नळीची वाट बघत, साडेतीन तास बसले होते. आत स्वागतकक्षात टीव्ही लावलेला. काचेतून तो दिसायचा, आवाज यायचा नाही. एक बाई गाडीतून उतरते आहे, तिच्याभोवती माईक. पुन्हा उतरते आहे. पुन्हा. सासऱ्यांनी मला विचारलं, "ही कोण?" मी सांगितलं. ते म्हणाले, "बिचारी." त्यांना खाट मिळाली, ते वाचले. १४ सप्टेंबरला संसदेत प्रश्न आला, टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर गेले? कामगार मंत्रालयाचं उत्तर होतं, अशी माहिती ठेवलेली नाही. म्हणजे त्यांना आकडाही नाही. आकडा हा शेवटचा मान असतो असं मी समजत होतो.

भंडारा नागपूरहून साठेक किलोमीटर. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. आत १७ बाळं होती, सात वाचवली, दहा गेली. अंक छपाईला गेलेला होता, म्हणून बातमी दुसऱ्या दिवशीची. या वेळी मी चीफ सब होतो, खर्ऱ्याशिवायचा. यादी येईल ती पूर्ण लावायची, जाहिरात आली तर जाहिरात काढायची, असं आधीच ठरवून टाकलं होतं. आणि मग लक्षात आलं, नावंच नाहीत. बारसंच झालेलं नाही. दवाखान्यात तान्ह्या बाळाची नोंद आईच्या नावानं असते, अमुकचं बाळ, तमुकचं बाळ. लावायची ती आयांची नावं, ज्या जिवंत होत्या. मी बराच वेळ त्या पानाकडे बघत बसलो. हाताखालचा मुलगा विचारत होता, "सर, हेडिंगमध्ये दगावली घेऊ?" मी त्याच्यावर ओरडलो. तो बिचारा घाबरला, त्याची काही चूक नव्हती. त्याला मीच शिकवलं होतं.

त्यानंतर मी फार काळ टिकलो नाही. पण सवय जात नाही, लोकांची हेडिंगं तपासत बसतो. १२ जून २०२५ ला अहमदाबादेत विमान पडलं. विमानातल्या २४२ पैकी एक वाचला. गेलेल्या २४१ जणांत गुजरातचे माजी मुख्यमंत्री होते. दुसऱ्या दिवशी चौकट: 'विजय रूपाणी यांचे निधन'. वर बॅनरला 'ठार'. विमान एक, आग एक, क्रियापदं दोन. तेही डेस्कवरच्या कोणा पोरानं सवयीनं केलेलं असणार, मनात काही नसताना. मीही तसंच केलं असतं.

नोव्हेंबर २०२५ ची गोष्ट सांगतो. १० तारखेला संध्याकाळी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला. माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्फोटातल्यांची ओळख पटते आहे तोवर काही वाहिन्यांनी धर्मेंद्रला मारूनही टाकलं. घरच्यांना सांगावं लागलं की बाबांनो, ते आहेत. इतकी घाई. धर्मेंद्र खरोखर गेला तो २४ ला, सोमवारी. माझा फोन संध्याकाळपर्यंत थांबला नाही; शाळेच्या ग्रुपवर सगळे साठीकडे झुकलेले गडी, कोणाला कुठला पिक्चर कुठल्या टॉकीजला पाहिला ते आठवत होतं, कोणी पंचशीलला, कोणी लिबर्टीला. मीही लिहिलं. मलाही वाईट वाटलं, खरंच वाटलं.

आदल्या दिवशी रविवारी मी झिरो माइलला गेलो होतो. दरवर्षी २३ नोव्हेंबरला गोवारी स्मारकावर लोक येतात, गावोगावाहून, गाड्या करून. शेजारून पूल जातो त्याला आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल असं नाव दिलं आहे. कोणी तसं म्हणत नाही, सगळे बर्डीचा पूलच म्हणतात, मीही. नोकरीत असताना मी कधी गेलो नव्हतो, बातमी यायची, तीनशे शब्दांत लावायची. या वेळी मुद्दाम गेलो. हार, भाषणं, पुऱ्या-भाजीचे द्रोण, चटयांवर बसलेल्या म्हाताऱ्या.

कठड्याला टेकून पन्नाशी उलटलेला एक जण उभा होता. हिंगणघाटकडून आलो म्हणाला. बरोबर सात-आठ वर्षांचा नातू. हातात लॅमिनेट केलेला फोटो, कुठल्याशा लग्नातल्या गर्दीतून कापून मोठा केलेला, त्यामुळे बाईच्या खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी हात दिसत होता. नातवाला तो दाखवत होता, "हे माही माय. पाह्य. तुह्या बापाची आजी." पोराचं लक्ष फुगेवाल्याकडे.

मी जवळ गेलो, नमस्कार केला. काय बोलावं कळेना. तीस वर्षांची सवय, तोंडातून डेस्कवरचाच प्रश्न निघाला.

"वय काय होतं यांचं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मागं स्मारकाकडे, मग चटयांवरच्या लोकांकडे.

"कोणाचं? सगळ्यांचं?"

मी फोटोकडे बोट केलं.

"मायचं होय?" तो म्हणाला. "असन चाळीस-बेचाळीस. मले नाही माहीत. तिलेही नव्हतं माहीत."